न्यूझीलंडचा निश्चय

गतवर्षी दहावीच्या वर्गात पॅसिफिक महासागराचा पाठ चालू असता, भिंतीवरील नकाशाच्या अगदी खालच्या उजव्या कोपऱ्यात दडलेल्या न्यूझीलंड देशाकडे बोट दाखवून आम्ही विद्यार्थ्यांस सांगितले की, ह्या लहानशा राष्ट्राने आपल्या भूमीवर, आपल्या बंदरांत आणि आपल्या आकाशात अणुबाँबास थारा द्यावयाचा नाही, असा कायदाच करून ठेवला आहे. हे ऐकून मुले थोडी चकित होतील अशी आमची अपेक्षा होती. परंतु शेवटच्या बाकावरील एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, ज्याच्या घराकडे चोर फिरकतच नाही, त्याने दाराला कुलूप लावले नाही, तर त्यात मोठेपणा तो कसला?" वर्गात हशा पिकला. तेवढ्यात तासाची घंटा झाली. आम्ही घाईघाईने जे काही उत्तर दिले, त्याने त्या विद्यार्थ्याचे समाधान झाले नाही. खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही. ह्या वार्षिकाच्या निमित्ताने त्या प्रश्नाचा नीट विचार करावा, असा आमचा हेतू आहे.

प्रथम हे कबूल केले पाहिजे की, प्रश्नात तथ्य आहे. न्यूझीलंडचे क्षेत्रफळ सुमारे २,६८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून काहीसे कमीच. लोकसंख्या अवघी पन्नास लाखांच्या आसपास; एकट्या मुंबई शहरात त्याहून कितीतरी अधिक माणसे राहतात. चहूकडे समुद्र. सर्वांत जवळचा मोठा शेजारी ऑस्ट्रेलिया. तोही दीड हजार किलोमीटरांहून दूर, आणि तो मित्र. अशा देशावर कोणी स्वारी करील, हे भय तेथील लोकांस रात्रंदिवस छळीत असेल असे कोणी म्हणणार नाही. तथापि घराचे स्थान सांगितले म्हणजे घरमालकाचा स्वभाव कळतो असे नाही. त्यास त्याच्या निश्चयापायी काय सोसावे लागले, हे पाहिले पाहिजे.

येथे एक मौजेची गोष्ट सांगून ठेवितो. अणूच्या पोटात एक अत्यंत सूक्ष्म व भारी केंद्र असते, हे १९११ साली ज्यांनी जगास प्रथम दाखविले, ते शास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफर्ड ह्याच देशात, नेल्सन गावाजवळ, १८७१ साली जन्मले. अणुशास्त्राचा पाया घालणाऱ्याच्या जन्मभूमीने अणुबाँबास दार बंद करावे, हा योगायोग आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

हा देश आरंभापासून अगदी निर्लेप होता, असेही कोणी समजू नये. १९५७ व १९५८ साली ब्रिटनने पॅसिफिकमधील बेटांवर हायड्रोजन बाँबचे प्रयोग केले, तेव्हा न्यूझीलंडने आपली 'पुकाकी' व 'रोटोईटी' ही दोन जहाजे मदतीस पाठविली होती. त्यांवरील ५५१ खलाशांनी ते स्फोट डेकावर उभे राहून पाहिले. त्याच सुमारास त्या देशाचे संरक्षण एका तहावर अवलंबून होते. १९५१ साली सॅनफ्रान्सिस्को येथे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अमेरिका ह्यांनी परस्परसाहाय्याचा करार केला होता. तिन्ही देशांच्या आद्याक्षरांवरून तो 'अँझस' ह्या नावाने ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य पॅसिफिकच्या बेटांवरून दक्षिणेकडे सरकत आले होते, त्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. बलाढ्य अमेरिकेचा हात डोक्यावर असणे, हे त्या पिढीस लहान सुख वाटत नव्हते.

मत पालटले ते फ्रान्समुळे. दक्षिण पॅसिफिकमध्ये अणुबाँबचे प्रयोग करण्याचा फ्रान्सचा बेत जाहीर झाला, तेव्हा १९६३ साली न्यूझीलंडच्या ८०,२३८ नागरिकांनी त्याविरुद्ध पार्लमेंटकडे अर्ज केला. तो अरण्यरुदनच ठरला. १९६६ पासून मुरुरोआ नामक प्रवाळद्वीपावर फ्रान्सने उघड्या हवेत स्फोट सुरू केले. वारा कोणाचा पासपोर्ट पाहून वाहत नाही. स्फोटाची विषारी धूळ समुद्रावरून बेटोबेटी जाऊन पडू लागली, आणि तिचा अंश चार हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या न्यूझीलंडमध्येही आढळू लागला.

१९७३ साली नॉर्मन कर्क हे मुख्य प्रधान होते. त्यांच्या सरकारने ऑस्ट्रेलियाप्रमाणेच हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात फ्रान्सविरुद्ध दावा लाविला. न्यायालयाने त्या वर्षीच्या जून महिन्यात, निकाल लागेपर्यंत फ्रान्सने असे प्रयोग करू नयेत, असा तात्पुरता हुकूम दिला. फ्रान्सने तो मानला नाही. तेव्हा कर्क ह्यांनी 'ओटागो' हे लढाऊ जहाज थेट मुरुरोआच्या दिशेने पाठविले. लढण्यास नव्हे, साक्षीस. जहाजावर एक मंत्री असावा असे ठरले. कोण जाणार? सर्व मंत्र्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत घालून एक उचलली गेली आणि फ्रेझर कोलमन हे मंत्री निघाले. २१ जुलै रोजी ओटागोवरील मंडळींनी स्फोटाचे ढग डोळ्यांनी पाहिले. मागाहून 'कँटरबरी' हे जहाज त्याच्या जागी गेले आणि त्यानेही एक स्फोट पाहिला. ज्या आरमाराने १९५७ साली मदतनीस म्हणून स्फोट पाहिले, त्याच आरमाराने सोळा वर्षांनी तक्रारदार म्हणून ते पाहिले! पुढच्या वर्षी, उघड्या हवेतील प्रयोग आपण थांबवीत आहो असे फ्रान्सने जाहीर केले. आणि त्यामुळे आता निकाल देण्याचे कारण उरले नाही, असे सांगून न्यायालयाने दावा संपविला. स्फोट मात्र जमिनीखाली पुढे १९९६ च्या जानेवारीपावेतो चालूच राहिले.

येथवर शत्रुत्व परक्याशी होते. ते सोपे असते. खरी कसोटी मित्राच्या बाबतीत लागावयाची होती. अणुशक्तीवर चालणारी अमेरिकन जहाजे व पाणबुड्या न्यूझीलंडच्या बंदरांत येत असत. १९७५ साली जॉर्ज आर्मस्ट्राँग नावाच्या एका ख्रिस्ती पाळकांच्या पुढाकाराने काही नागरिकांनी लहान लहान होड्यांचा एक ताफा उभा केला. अशी बोट बंदरात शिरू लागली की, ह्या होड्या, वल्ह्यांच्या नावा, शिडाच्या डिंग्या, तिच्या वाटेत जाऊन उभ्या राहत. प्रचंड पाणबुडीपुढे त्या टरफलांसारख्या दिसत. जहाजे अर्थातच आत येत. परंतु किनाऱ्यावरील लोक ते दृश्य पाहत आणि घरी जाऊन त्याविषयी बोलत. हळूहळू गावोगावच्या नगरपालिका आपापल्या हद्दीत अण्वस्त्रबंदी जाहीर करू लागल्या. अशा ठरावास कायद्याचे बळ नव्हते, हे खरे; पण १९८४ पावेतो निम्म्याहून अधिक प्रजा अशा गावांत राहत होती.

त्या वर्षीच्या जून महिन्यात पार्लमेंटमध्ये अण्वस्त्रबंदीचे एक बिल एका मताने फेटाळले गेले. त्या वेळचे मुख्य प्रधान रॉबर्ट मल्डून ह्यांचे बहुमत काठावरचे होते. त्यांच्याच पक्षाच्या मॅरिलिन वेअरिंग ह्या तरुण बाईंनी ह्या प्रश्नावर आपण पक्षाबरोबर राहणार नाही, असे त्यांस बजावले. मल्डून ह्यांनी त्याच रात्री मुदतीपूर्वीच निवडणूक जाहीर केली आणि ती ते हरले. मजूर पक्ष अधिकारावर आला व डेव्हिड लाँगी हे एक्केचाळीस वर्षांचे वकील मुख्य प्रधान झाले. हे गृहस्थ देहाने भारदस्त, वाणीने तिखट, आणि मेथडिस्ट मंडळीत उपदेश करणारे होते. त्यांच्या पक्षाचे वचन असे की, अण्वस्त्रे असलेली वा अणुशक्तीवर चालणारी जहाजे बंदरात येऊ द्यावयाची नाहीत. परंतु अँझस करारही मोडावयाचा नाही. बहुसंख्य प्रजेलाही ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या होत्या.

दोन्ही एकत्र नांदणे अवघड का, ते समजण्यास अमेरिकन आरमाराचा एक नियम माहीत असला पाहिजे. आपल्या अमुक जहाजावर अणुबाँब आहे किंवा नाही, हे ते आरमार कोणासही सांगत नसे; 'आहे' असेही नाही आणि 'नाही' असेही नाही. १९८५ च्या आरंभी 'ब्यूकॅनन' नावाचे एक जुने विनाशक जहाज पाठविण्याची परवानगी अमेरिकेने मागितली. हे जहाज साध्या इंधनावर चालणारे. अण्वस्त्रे वाहून नेण्याची सोय त्यावर होती. प्रत्यक्षात ती नसावीत, असे न्यूझीलंडच्या अधिकाऱ्यांचेही मत होते. परवानगी द्यावी, प्रकरण मिटेल, अशी त्यांची सल्ला होती. लाँगी त्या वेळी टोकेलाऊ ह्या दूरच्या बेटांवर गेले होते. कारभार जेफ्री पामर पाहत होते. 'नसावीत' हा शब्द पामर ह्यांस पुरेसा वाटला नाही. लाँगी परतल्यावर फेब्रुवारीत मंत्रिमंडळाने नकार कळविला.

आमच्या विद्यार्थ्याने कुलुपाचा दाखला दिला होता. तोच धरून आम्ही असे म्हणू. ह्या घरास एक बळकट पहारेकरी होता. तो पगार मागत नसे, घराशी त्याचे जुने सख्य होते, आणि एका संकटात तो उपयोगीही पडला होता. त्याची अट एवढीच की, त्याची पेटी तो ओसरीवर ठेवील आणि तीत बंदुकीची दारू आहे की नाही, हे त्यास कोणी विचारावयाचे नाही. घरधनी म्हणाला, "बाबा, तू अवश्य ये, पण दारूची पेटी माझ्या ओसरीवर नको." पहारेकरी निघून गेला. अमेरिकेने संयुक्त आरमारी कवायती रद्द केल्या, गुप्त बातम्यांचा पुरवठा थांबविला, आणि १९८६ च्या ऑगस्ट महिन्यात, न्यूझीलंडच्या रक्षणाची करारातील जबाबदारी आपण आता मानीत नाही, असे जाहीर केले. म्हणजे घरधन्याने कुलूप लावले नाही, एवढेच घडले नव्हते. असलेला पहाराही त्याने गमावला होता.

आणि चोर फिरकला नाही, हे तरी खरे आहे काय? १० जुलै १९८५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास ऑकलंड बंदरात उभ्या असलेल्या 'रेनबो वॉरियर' ह्या जहाजाच्या तळाशी एकामागून एक असे दोन स्फोट झाले व ते बुडाले. हे जहाज 'ग्रीनपीस' संस्थेचे होते. थोड्याच आठवड्यांपूर्वी त्याने मार्शल बेटांतील राँगेलाप येथील रहिवाशांस दुसऱ्या बेटावर नेऊन पोहोचविले होते. १९५४ च्या अमेरिकन स्फोटाच्या धुळीने त्यांचे बेट दूषित झाले होते. आता ते मुरुरोआकडे निषेधासाठी जाणार होते. त्यावरील फर्नांडो पेरेरा हे छायाचित्रकार बुडून मरण पावले. त्या रात्री बंदरातील होड्यांच्या एका क्लबाचे लोक भुरट्या चोरांवर पाळत ठेवून होते. एक मोटार संशयास्पद वाटल्यावरून त्यांनी तिचा नंबर टिपून ठेविला. त्या नंबरावरून पोलिसांनी स्वित्झर्लंडचे दांपत्य म्हणवून घेणाऱ्या एका स्त्री-पुरुषास धरले. ती दोघे फ्रान्स सरकारची हेर निघाली! सप्टेंबरात फ्रान्सने हे कृत्य आपलेच असल्याचे मान्य केले व त्याच्या संरक्षणमंत्र्यांस राजीनामा द्यावा लागला. दोघा हेरांस मनुष्यवधाच्या गुन्ह्याबद्दल दहा दहा वर्षांची शिक्षा झाली.

पुढची हकीकत फारशी अभिमानास्पद नाही, पण ती गाळणे बरोबर होणार नाही. न्यूझीलंड हा लोणी व मांस विकून जगणारा देश. युरोपातील बाजार त्यास बंद होईल, असा दाब फ्रान्सने आणला. अखेर संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्य चिटणिसांच्या निवाड्याप्रमाणे फ्रान्सने माफी मागितली व सत्तर लाख डॉलर भरपाई दिली. आणि त्याबदली हेर एका फ्रेंच बेटावर तीन वर्षे ठेवण्यासाठी त्याच्या स्वाधीन करण्यात आले. तीन वर्षे पुरी होण्याआधीच दोघेही फ्रान्सला परत गेले. जुन्या मित्रराष्ट्रांच्या सरकारांनीही फ्रान्सच्या निषेधाचा ठळक शब्द उच्चारला नाही, हे तेथील जनतेच्या मनास फार लागले. आमच्या मते, त्या देशाचा निश्चय पक्का झाला तो ह्या स्फोटानेच. बुडालेल्या जहाजामागोमाग लोकांचा उरलासुरला संकोचही बुडाला.

८ जून १९८७ रोजी अण्वस्त्रमुक्त प्रदेशाचा कायदा संमत झाला. ह्या कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. देशाची भूमी, तेथील सर्व जलाशय, किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आणि ह्या सर्वांवरील आकाश, एवढा त्याचा प्रदेश. त्यात कोणीही अण्वस्त्र बनवू नये, मिळवू नये वा बाळगू नये. बाळगील त्यास दहा वर्षांपर्यंत कैद. सरकारी नोकरांस तर देशाबाहेरही तशी मनाई. नववे कलम परदेशी लढाऊ जहाजांविषयी आहे आणि त्यातच खरी खुबी आहे. जहाजावर अण्वस्त्र नाही, अशी मुख्य प्रधानांची स्वतःची खात्री झाली, तरच त्यांनी परवानगी द्यावी, असे ते सांगते. परक्याने कबुलीजबाब द्यावा अशी अट नाही. त्याची पेटी उघडून पाहण्याचीही नाही. सगळा भार घरधन्याच्या स्वतःच्या विवेकबुद्धीवर टाकिला आहे. अणुशक्तीवर चालणाऱ्या जहाजांस मात्र अकराव्या कलमाने सरसकट बंदी आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जमिनीवर अणुशक्तीपासून वीज उत्पन्न करू नये, असे हा कायदा म्हणत नाही; तेथे तशी वीजगृहे नाहीत, ती गोष्ट निराळी.

कायदे होतात आणि सरकार बदलले की रद्दही होतात. हा का टिकला? १९९० साली विरोधी पक्षानेही निवडणुकीपूर्वी हे धोरण मान्य केले आणि तो पक्ष अधिकारावर येऊनही कायदा तसाच राहिला. १९९२ साली तज्ज्ञांच्या समितीने अणुशक्तीवरील जहाजे बंदरात आल्यास धोका फार थोडा आहे, असा अहवाल दिला. तरीही सरकारने कलम बदलण्याचे धाडस केले नाही. समितीचे शास्त्र चुकले होते असे आम्ही म्हणत नाही. लोकांनी त्या प्रश्नाचा निकाल शास्त्राच्या कोर्टात लाविलाच नव्हता.

आता आपल्या देशाचा उल्लेख टाळणे म्हणजे भित्रेपणा होईल. भारताने १९७४ साली व पुन्हा १९९८ साली पोखरण येथे अणुस्फोट केले, आणि आपल्या दोन शेजाऱ्यांपाशी ही अस्त्रे आहेत. न्यूझीलंडचा दाखला घेऊन आपल्या देशास दोष देणे आम्हांस पसंत नाही; ज्याच्या कुंपणापलीकडे दोन्ही बाजूंस शस्त्रधारी उभे आहेत आणि ज्याच्या सभोवार नुसता समुद्र आहे, त्या दोघांस एकच माप लावता येत नाही. एवढ्यापुरते आमच्या विद्यार्थ्याचे म्हणणे आम्ही मान्य करितो. परंतु न्यूझीलंडने ज्यास 'नाही' म्हटले तो शत्रू नव्हता. शत्रूस नकार देण्यास सैन्य लागते. उपकारकर्त्या मित्रास नकार देऊन पुन्हा त्याच्याशी सलोखा राखण्यास जे लागते, ते निराळे आहे, आणि ते कोणत्याही नकाशावरील देशास दुर्मीळच आहे.

त्या सलोख्याची परीक्षा २०१६ साली झाली. न्यूझीलंडच्या आरमारास पंचाहत्तर वर्षे झाली म्हणून अनेक देशांच्या जहाजांस आमंत्रण गेले. त्यांत अमेरिकाही होती. अमेरिकेने 'सँप्सन' नावाचे विनाशक जहाज पाठविण्याचे ठरविले. दरम्यान अमेरिकन आरमाराने साध्या लढाऊ जहाजांवरून अण्वस्त्रे १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच उतरवून ठेविली होती. मुख्य प्रधान जॉन की ह्यांनी नवव्या कलमाप्रमाणे आपली खात्री करून घेतली व परवानगी दिली. तीस वर्षांहून अधिक काळाने अमेरिकन लढाऊ जहाज त्या किनाऱ्याकडे आले. समारंभ व्हावयाचा तोच १४ नोव्हेंबर रोजी कायकोरा भागात मोठा भूकंप झाला, रस्ते खचले, हजारो माणसे अडकून पडली. आणि सँप्सन समारंभ सोडून इतर जहाजांबरोबर त्यांच्या मदतीस धावले.

ह्या लेखाचा कच्चा खर्डा आम्ही त्या विद्यार्थ्यास वाचावयास दिला. तो आता अकरावीत आहे. परत करिताना त्याने शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिलीने एक ओळ लिहिली होती: "सर, ऑस्ट्रेलियाने अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या घेतल्या, तर त्यांसही हाच नियम काय?" २०२१ च्या सप्टेंबर महिन्यात ऑस्ट्रेलियाने अमेरिका व ब्रिटन ह्यांच्या साहाय्याने तशा पाणबुड्या घेण्याचे जाहीर केले. त्यानंतर लगेचच न्यूझीलंडच्या तत्कालीन मुख्य प्रधान जसिंडा आर्डर्न ह्यांनी सांगितले की, त्या पाणबुड्यांस आमच्या पाण्यात येता येणार नाही.